शारीरशास्त्र कसें शिकवावें?



वर्ध्याहून सेवाग्रामला जाणारा रस्ता अवघा पांच मैलांचा. त्या रस्त्यानें आपण बापूंच्या कुटीपर्यंत आलों, कीं जवळच एका मोठ्या वैद्यक महाविद्यालयाच्या इमारती दिसूं लागतात. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, १९६९ सालीं, डॉ. सुशीला नय्यर यांनीं कस्तुरबा रुग्णालयाच्या आधारानें हें महाविद्यालय उभें केलें. इतर प्रत्येक वैद्यक महाविद्यालयाप्रमाणें येथेंहि एक शवच्छेदनाचें दालन आहे. डॉक्टर होऊं पाहणाऱ्या मुलामुलींचा अभ्यास त्या दालनांतून सुरू होतो.

अशा दालनाशीं गांधीजींचा एक जुना संबंध आहे, तो पुष्कळांच्या लक्षांत नसतो. विलायतेला जाऊन काय शिकावें याचा खल १८८८ सालीं घरांत चालला असतां अठरा वर्षांच्या मोहनदासनें वैद्यक शिकण्याची इच्छा बोलून दाखविली. थोरल्या बंधूंनीं त्याला तेथल्या तेथें थांबविलें. वडिलांना हें कधींच पसंत नव्हतें. आपण वैष्णव, मढीं फाडण्याशीं आपला काय संबंध, असा त्यांचा विचार होता. मोहनदास मग बॅरिस्टर झाला. हा प्रसंग त्यांनीं स्वतःच आत्मकथेंत लिहून ठेविला आहे. ज्या विटाळाच्या कल्पनेनें त्यांची वाट बदलली, ती आज त्यांच्याच गांवीं पोरेंपोरी ओलांडून जात आहेत. ती ओलांडतांना त्यांना काय अडतें, आणि शिकविणाऱ्यानें त्यांना हात कसा द्यावा, हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

देहाला हात लावण्याची ही भीति आपल्याकडे मुळापासूनच होती, असें मात्र कोणी समजूं नये. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत शव कसें अभ्यासावें याची रीत दिली आहे. विषानें न मेलेल्या, फार दिवस रोगानें न झिजलेल्या माणसाचें शव घ्यावें. तें मुंज गवत, कुश, ताग यांपैकीं कशानें तरी गुंडाळून, पिंजऱ्यांत ठेवून, आडबाजूच्या वाहत्या पाण्यांत सोडावें. सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्यानें हळूहळू घासावें आणि त्वचेपासून आंतपर्यंत एकेक थर डोळ्यांनीं पाहावा. ज्यानें शास्त्र वाचलें आणि देहहि पाहिला, त्याचेंच ज्ञान वाढतें, असा सुश्रुताचा स्पष्ट अभिप्राय आहे. वर्ध्याजवळ सालोड येथें आयुर्वेद महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थी हा भाग आजहि अभ्यासतात. सुश्रुतानें हाडें ३०० मोजलीं, चरकानें ३६०, आणि आपण आज प्रौढ माणसाच्या देहांत २०६ मोजतों. यांत कोणी चुकला असें नाहीं. सुश्रुतानें दांत आणि कोंवळीं हाडें, म्हणजे कूर्चा, हींहि हाडांतच धरलीं. मोजण्याचा नियम वेगळा, म्हणून बेरीज वेगळी. विद्यार्थ्यांपुढें हे तीन आकडे ठेवले, कीं ते स्वतःच वाद घालूं लागतात, आणि तो तास मला फार आवडतो.

पुढें पाहणें सुटलें आणि पाठांतर उरलें. युरोपांतहि तेंच झालें होतें. बोलोन्या, पादुआ इत्यादि जुन्या विद्यापीठांत अध्यापक उंच आसनावर बसून गॅलेनचा ग्रंथ वाची. खालीं एक न्हावी शव चिरी. तिसरा कोणी काठीनें अवयव दाखवी. वाचणारा हात लावीत नसे आणि हात लावणाऱ्याला वाचतां येत नसे. ग्रंथांत लिहिलेलें आणि टेबलावर दिसणारें जुळलें नाहीं, तर तें सांगणारा तिघांपैकीं कोणीच नसे. १५४३ सालीं वेसालियसचा मोठा ग्रंथ छापून निघाला. त्याच्या मुखपृष्ठावरील चित्रांत अध्यापक आसनावरून खालीं उतरला आहे, आणि त्याचा स्वतःचा हात शवावर आहे. त्या एका पायरीनें वैद्यकाचा इतिहास बदलला.

आपल्या गांवगाड्यांत ही फारकत आणखी कठोर होती. मेलेलें ढोर ओढून नेण्याचें व सोलण्याचें काम ज्यांच्या माथीं मारलें होतें, त्यांना सांधा कोठें उलगडतो, दोरीसारखी शीर हाडाला कोठें चिकटते, हें बोटांनीं ठाऊक होतें; ग्रंथाला हात लावण्याची त्यांना मनाई होती. ग्रंथ ज्यांच्या घरीं होते, त्यांना कातड्याला हात लावण्याची मनाई होती. अर्धें ज्ञान एका आळींत, अर्धें दुसऱ्या आळींत, आणि मध्यें शिवाशीव! १८३६ सालीं कलकत्त्याच्या वैद्यक महाविद्यालयांत पंडित मधुसूदन गुप्त यांनीं शवच्छेदन केलें, तेव्हां त्यांनीं केवळ एक शव चिरलें नाहीं. तें स्वतःच्या हातानें करणारा मनुष्य आयुर्वेदाचा पंडित होता, हें त्या घटनेचें खरें महत्त्व.

आतां आजच्या वर्गांत येऊं. वर्धा जिल्ह्यांत सेवाग्रामबरोबरच सावंगी मेघे येथेंहि १९९० पासून वैद्यक महाविद्यालय आहे. अशा ठिकाणीं एका टेबलाभोंवतीं उभे राहणारे विद्यार्थी पाहा. कोणी दिल्लीचा, कोणी केरळची. कोणी आर्वीचा, कोणी आष्टीची, कोणी समुद्रपूरच्या शेतकऱ्याचा मुलगा, दहावीपर्यंत मराठी शाळेंत शिकलेला. टेबल एक, पुस्तक एक, शव एक. तरी थोडे दिवस लोटले, कीं कोणी न सांगतां कामाची वांटणी होऊन बसते. ज्याला इंग्रजी सफाईनें येतें, त्याच्या हातांत सुरी जाते, आणि ती रोज त्याच्याच हातांत राहते. मुली पुष्कळदां वही धरून टिपणें घेतात. खेड्यांतला मुलगा मागच्या रांगेंत टाचा उंचावून उभा राहतो, आणि विचारलें तर 'दिसलें' म्हणतो. कोणा एका महाविद्यालयाची ही गोष्ट नव्हे. जेथें शिक्षक मुद्दाम लक्ष घालीत नाहीं तेथें तेथें हें घडतें. बोलोन्याचें उंच आसन गेलें, पण त्याची सांवली टेबलाभोंवतीं अजून पडते.

यावर उपाय अगदीं साधा आहे. टेबलाभोंवतालचीं कामें चार: एकानें छेदन करावें, एकानें मार्गदर्शिका मोठ्यानें वाचावी, एकानें दिसेल तसें चित्र काढावें, एकानें इतरांना प्रश्न विचारावेत. दुसऱ्या दिवशीं चौघांचीं कामें बदललींच पाहिजेत. ज्याला दिसत नाहीं, त्याला पुढें घेतल्याशिवाय सुरी चालवावयाची नाहीं. इतकें केलें, तरी महिन्याभरांत वर्गाचा आवाज बदलतो. आधीं तीन-चार गळे ऐकूं येत, मग सगळे ऐकूं येऊं लागतात. यासाठीं पैसा लागत नाहीं. रोजचा आग्रह मात्र लागतो, आणि आग्रह हीच आम्हां शिक्षकांजवळ कमी असणारी वस्तु आहे.

मुलींच्या बाबतींत हा आग्रह कां धरावयाचा, तेंहि सांगतों. १८७० च्या नोव्हेंबरांत एडिंबरो येथें कांहीं विद्यार्थिनी शारीरशास्त्राच्या परीक्षेला गेल्या, तेव्हां पुरुष विद्यार्थ्यांच्या जमावानें त्यांच्यावर चिखल फेंकला, फाटक त्यांच्या तोंडावर लावून घेतलें, आणि त्या आंत पोहोंचल्यावर परीक्षेच्या दालनांत एक मेंढरूं सोडलें. चिरफाडीचें शास्त्र स्त्रियांना शोभत नाहीं, असा त्यांचा आक्षेप होता. त्यानंतर सोळाच वर्षांनीं, १८८६ सालीं, आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयांतून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. आज वर्गांत मुली मोठ्या संख्येनें आहेत. म्हणून प्रश्न सुटला असें वाटतें. पण फाटक उघडणें आणि हातांत सुरी देणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी अडचण भाषेची. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याच्या कानांवर थोड्याच महिन्यांत हजारों लॅटिन व ग्रीक नांवें आदळतात. मराठी शाळेंतून आलेल्या मुलाची छाती दडपते. आपण मंदबुद्धि आहोंत असें त्याला वाटूं लागतें, आणि तो गप्प होतो. हा गप्पपणा आम्ही पुष्कळदां आळस समजतों. वस्तुतः हीं भयंकर नांवें ज्यांनीं ठेविलीं, ते लोक आपल्यासारखेच घरांतल्या भांड्याकुंड्यांकडे पाहून नांवें ठेवीत होते. गुडघ्याच्या हाडाला पॅटेला म्हणतात. लॅटिनमध्यें त्याचा अर्थ लहान पसरट भांडें. आपण काय म्हणतों? गुडघ्याची वाटी! क्लॅव्हिकल म्हणजे लहान किल्ली, टिबिया म्हणजे बांसरी, पेल्व्हिस म्हणजे घंगाळ. मांडीचें हाड ज्या खोलगट जागीं बसतें ती अ‍ॅसिटॅब्युलम, म्हणजे आंबट शिरका ठेवण्याची वाटी. आपल्याकडे तो उखळीचा सांधा. मसल या शब्दाचें मूळ म्हणजे 'लहानसा उंदीर': दंड आवळला कीं कातड्याखालीं उंदीर धांवल्यासारखा रोमन लोकांना वाटला. आपल्या पोरांना तेथें बेडूक दिसला, म्हणून आपण दंडाची बेटकुळी म्हणतों. पाठीच्या कण्याच्या अगदीं टोंकाला जें हाड आहे, त्यांत ग्रीकांना कोकिळेची चोंच दिसली, आणि त्यांनीं त्याला कॉक्सिक्स म्हटलें. आपण माकडहाड म्हणतों. शेपटीचा तो अवशेष असल्यामुळें येथें आपलीच उपमा शास्त्राला अधिक धरून आहे.

हें सांगितलें, कीं मागच्या रांगेंतला मुलगा हंसतो. जो हंसला तो शिकूं लागला, असा माझा अनुभव आहे. लॅटिन नांवें टाकून द्यावींत असें मी म्हणत नाहीं. जगभरचे डॉक्टर तींच वापरतात, परीक्षाहि इंग्रजींतून होते. तीं टाकून त्यांच्या जागीं दुर्बोध संस्कृत शब्द बसविणें, हा तर मला उपायच वाटत नाहीं. एका डोंगरावरून विद्यार्थ्याला उतरवून दुसऱ्यावर चढविण्यासारखें तें आहे. जी वस्तु त्याला ठाऊक आहे, जो शब्द त्याच्या आजीच्या तोंडीं आहे, तेथून निघावें आणि लॅटिन नांवापर्यंत चालत जावें.

याच्या उलट बाजूहि आहे. देवळीकडची म्हातारी कापूस वेंचून आलेली असते. ती रुग्णालयांत सांगते, पोटरींत गोळा येतो, जांघेंत अवधाण आलें, पाठींत उसण भरली. दिल्लीहून आलेल्या विद्यार्थ्याला लॅटिन शब्द पाठ असतात, पण तिचें एकहि वाक्य कळत नाहीं. तेथें समुद्रपूरचा मुलगा गुरु होतो. २०१९ पासून नव्या अभ्यासक्रमांत पहिल्या महिन्याचा जो पायाभूत वर्ग सुरू झाला, त्यांत स्थानिक भाषेचा समावेश आहे, हें योग्यच झालें. परंतु खरी देवाणघेवाण टेबलाशींच व्हावी. प्रत्येक अवयवापुढें दोन नांवें लिहावींत: एक ग्रंथाचें, एक रोग्याचें. पहिलें ज्याला येतें त्यानें दुसऱ्याला शिकवावें, आणि दुसरें ज्याला येतें त्यानें पहिल्याला.

आतां हातांकडे वळतों. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, आणि तिच्यांतून नई तालीमची योजना निघाली. हातांतल्या उद्योगांतून ज्ञान द्यावें, हें तिचें सूत्र सर्वांस ठाऊक आहे. त्या योजनेचें देशांत पुढें काय झालें याचा इतिहास फारसा सुखाचा नाहीं, आणि तो येथें सांगण्याचें प्रयोजनहि नाहीं. पण शारीरशास्त्राइतका त्या सूत्राला योग्य दुसरा विषय मला दिसत नाहीं. येथें ज्याचा अभ्यास करावयाचा ती वस्तु आणि अभ्यासाचें साधन, दोन्ही एकच आहेत. हातानेंच हात शिकावयाचा.

सेवाग्रामच्या महाविद्यालयांत नव्या विद्यार्थ्यांचें शिबिर आश्रमांत भरतें, आणि तेथें त्यांना सूतकताईची ओळख होते. कातणाऱ्याचा हात हा शारीरशास्त्राचा उत्तम पाठ आहे. आंगठा तर्जनीसमोर येऊन पेळू धरतो. माणसाच्या हाताचें सारें कौशल्य त्या एका हालचालींत आहे, आणि आंगठ्याच्या बुडाशीं असणारा मांसल उंचवटा त्यासाठींच आहे. सूत ओढतांना कोपर उलगडतें, खांदा मागें जातो. दुसरा हात चाक फिरवितो. धागा तुटला, तर बोटांचीं अग्रें न पाहतां त्याचीं टोंकें शोधतात. यांतील प्रत्येक हालचाल कोणत्या स्नायूची, आणि त्या स्नायूला आज्ञा कोणत्या मज्जातंतूची, हें कातत असतांनाच विचारलें तर तें सहसा विसरलें जात नाहीं.

श्रोत्यांनीं घरच्या घरीं एक प्रयोग करावा. कोपर कमरेला टेंकवून, पाणी घेण्यासाठीं ओंजळ धरतों तसा एक हात उताणा धरा. आतां आशीर्वाद देतांना ठेवतों तसा तो पालथा करा. दुसऱ्या हातानें मनगटाच्या वरचा भाग चांचपून पाहिला, तर आंत कांहीं तरी फिरल्याचें कळेल. हाताच्या पुढच्या भागांत दोन हाडें आहेत. ओंजळींत तीं शेजारीं शेजारीं असतात. आशीर्वादांत आंगठ्याकडचें हाड दुसऱ्यावरून आडवें जातें. ग्रंथांत या दोन हालचालींना सुपिनेशन आणि प्रोनेशन म्हणतात. त्या लॅटिन शब्दांचा अर्थ उताणा आणि पालथा, यापलीकडे कांहीं नाहीं.

जिवंत देहावर शिकवितांना संकोचाचा प्रश्न येतो. कांहीं ठिकाणीं विद्यार्थ्यांच्या अंगावर रंगानें अवयव काढण्याची पद्धति आहे. ती परिणामकारक आहे. पण आपल्याकडे मुलींना, आणि लाजऱ्या मुलांनाहि, ती नकोशी वाटते. त्यांना बळजबरी करणें हें शिक्षण नव्हे. जुना खादीचा सदरा घ्यावा, कोळशानें त्यावर फुप्फुसें, यकृत, हृदय हीं आंत असतात त्या जागीं काढावींत, आणि ज्याला घालावासा वाटेल त्यानें तो घालावा. उजव्या फुप्फुसाला तीन खंड, डाव्याला दोन, कारण हृदय डावीकडे कललें आहे. हें सदऱ्यावर एकदां काढलें कीं पुरे.

वर्ध्याच्या भूमींत शिकवितां येण्याजोगा आणखी एक पाठ आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोपर दाराच्या चौकटीला आपटलें, कीं करंगळीपर्यंत वीज चमकते. आंतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यामागून अल्नर नांवाचा मज्जातंतु तेथें कातड्याच्या अगदीं खालून जातो. करंगळी आणि शेजारच्या बोटाचा अर्धा भाग यांची संवेदना त्याच्याकडे, आणि तळहातांतल्या बारीक स्नायूंपैकीं बहुतेकांची सत्ताहि त्याच्याकडे. महारोगाचे जंतु याच तंतूवर वारंवार हल्ला करतात. तंतु दोरीसारखा जाड होतो; बोटें बधिर होतात; दोन बोटें नखीसारखीं वांकतात; चुलीवरचें भांडें धरतांना भाजलेलें कळत नाहीं. 'महारोगानें बोटें झडतात' असा जो समज घरोघर आहे, तो येथें खोटा ठरतो: बोटें झडत नाहींत, बधिर झाल्यामुळें जखमांनीं झिजतात. एका तंतूची वाट नीट शिकलेल्या विद्यार्थ्याला हें आपोआप समजतें, आणि रोग लवकर ओळखून त्याला एक हात वांचवितां येतो.

वर्ध्याजवळ दत्तपूर येथें १९३६ पासून मनोहरजी दिवाण यांनीं महारोग्यांच्या सेवेचें काम उभें केलें. सेवाग्राम आश्रमांत परचुरेशास्त्री या संस्कृत पंडिताला महारोग झाला असतां गांधीजींनीं त्यांना जवळच झोंपडी बांधून दिली आणि आपल्या हातांनीं त्यांचें अंग चोळलें. पुढें वेल्लोर येथें डॉ. पॉल ब्रँड यांनीं, वांकलेल्या बोटांना दुसऱ्या स्नायूचा कंडरा जोडून ती सरळ करण्याची शस्त्रक्रिया विकसित केली; ती केवळ शारीरशास्त्राच्या बळावर उभी आहे. हा सारा वृत्तांत त्या एका तंतूच्या तासाला सांगावा, असें माझें मत आहे. मात्र रोग्याला वर्गांत आणावयाचें असेल तर त्याची अनुमति आधीं घ्यावी, त्याला विद्यार्थ्यांच्या बरोबरीनें खुर्चीवर बसवावें, आणि त्याच्या हाताविषयीं त्याच्याशींच बोलावें. त्याच्या डोक्यावरून इंग्रजींत बोलणें मला असभ्यपणाचें वाटतें.

देहादेहांत फरक असतो, ही गोष्ट पुस्तक फार उशिरां सांगतें. आंगठा आणि करंगळी एकमेकांना टेंकवून मनगट किंचित् वांकवा. मनगटाच्या मध्यावर एक दोरी उठून दिसेल. कित्येकांना ती दिसणार नाहीं, किंवा एकाच हाताला दिसेल. तो स्नायु त्यांना जन्मतःच नसतो आणि त्यावांचून त्यांचें कांहीं अडत नाहीं. पुस्तकांतलें चित्र ही एक सरासरी आहे, आणि आपल्यापैकीं कोणीच सर्वांशीं त्या चित्रासारखा नाहीं. हें पहिल्या आठवड्यांत शिकलेला डॉक्टर पुढें रोग्याच्या वेगळेपणाला विकृति म्हणण्याची घाई करीत नाहीं.

विद्यार्थ्यांच्याहि बाबतींत तेंच. चित्रसंग्रहांत रोहिणी तांबडी, नीला निळी, मज्जातंतु पिंवळा रंगवितात. ज्याला तांबडा-हिरवा भेद कळत नाहीं—आणि ही उणीव स्त्रियांपेक्षां पुरुषांत पुष्कळ अधिक असते—तो वर्षभर गोंधळतो आणि लाजेनें बोलत नाहीं. खऱ्या शवांत तर असे रंग नसतातच. तेथें बोटांनीं ओळखावें लागतें: रोहिणीची भिंत जाड, ती दाबली तरी गोल होऊं पाहते, नीला पातळ, चेंपून जाते, तंतु भरीव, दोऱ्यासारखा लागतो. त्या एका विद्यार्थ्यासाठीं बोटांनीं शिकविलें, तर सगळा वर्ग अधिक चांगला शिकतो.

वेळ मात्र कमी झाला आहे. पूर्वीं प्रथम परीक्षेपर्यंत दीड वर्ष मिळे. १९९७ च्या नियमांनीं तें एका वर्षावर आलें. त्यामुळें पडद्यावरील चित्रें, प्लास्टिकचीं प्रतिरूपें, १९७७ पासून निघालेलीं रसायन भरून टिकविलेलीं अवयवांचीं नमुनेवजा शरीरें, यांचा उपयोग वाढला. हीं साधनें चांगलीं आहेत. रसायनाच्या उग्र वासानें ज्याला दम लागतो, त्याला तर तीं वरदानच. परंतु पडद्यावरील देहाला आयुष्य नसतें. खऱ्या देहावर जुनी शस्त्रक्रियेची खूण असते, खांद्यावर ओझ्याचे घट्टे असतात, पायाला भेगा असतात.

हा देह कोणाचा, हा प्रश्न विद्यार्थी मनांत विचारतो, उघड विचारीत नाहीं. मुंबई राज्यानें १९४९ सालीं शारीरशास्त्राचा कायदा केला, तेव्हां वर्धा जिल्हा त्या राज्यांत नव्हता. १९५६ सालीं तो तेथें आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. या कायद्यानें रुग्णालयांतील बेवारस शवें अभ्यासासाठीं मिळण्याची व्यवस्था झाली. बेवारस कोण असतो? बहुधा दरिद्री. जिवंतपणीं ज्याच्या वाट्याला डॉक्टर क्वचित् आला, तो मेल्यावर डॉक्टरांचा शिक्षक झाला, आणि त्याला कोणी विचारलें नाहीं. हें ऋण विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशीं सांगितलें पाहिजे. २०१९ च्या अभ्यासक्रमांत शव हा आपला पहिला गुरु आहे असा स्वतंत्र पाठ घातला आहे, आणि कित्येक ठिकाणीं विद्यार्थी सुरी हातीं घेण्यापूर्वीं शपथ घेतात. कोणी घाबरला, कोणाला भोंवळ आली, तर त्याची थट्टा होऊं देऊं नये. त्याला बाहेर बसवावें, पाणी द्यावें, आणि दुसऱ्या दिवशीं प्रथम फक्त शवाचा हात हातांत घ्यावयास सांगावें.

आज स्वेच्छेनें देहदान करणारे वाढत आहेत, आणि त्यामुळें हें नातें बदलत आहे. श्रोत्यांपैकीं कोणाच्या मनांत तसा विचार असेल, तर व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी सांगून ठेवतों. जवळच्या वैद्यक महाविद्यालयाच्या शारीरशास्त्र विभागांत इच्छापत्राचा नमुना मिळतो. तो भरला तरी मृत्यूनंतर कळविण्याचें काम घरच्यांनाच करावें लागतें; त्यांनीं नाहीं म्हटलें तर इच्छा कागदावरच राहते. म्हणून आधीं घरांत बोलणें झालें पाहिजे, विशेषतः मुलांशीं आणि सुनांशीं. अपघात किंवा संशयास्पद मृत्यु असून शवविच्छेदन झालें असेल, तर देह अभ्यासासाठीं सहसा घेत नाहींत. कांहीं सांसर्गिक रोगांतहि घेत नाहींत. नेत्रदान करून मग देहदान करतां येतें. नेत्रांसाठीं साधारणपणें सहा तासांच्या आंत कळवावें लागतें, तोंवर डोळे मिटलेले ठेवून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि खोलींतला पंखा बंद करावा. डॉक्टरचा मृत्यूचा दाखला आणि नातेवाइकाचें ओळखपत्र बरोबर असावें. महाविद्यालयाचा दूरध्वनि-क्रमांक इच्छापत्राच्या प्रतीवरच लिहून तें कपाटांत न ठेवतां सर्वांना दिसेल अशा ठिकाणीं ठेवावें.